परका पीडित आणि राज्याचे ऋण

एखादा माणूस दुसऱ्या देशात राहतो, तिथला नागरिक नाही, आणि तिथेच त्याच्यावर गुन्हा घडतो. अशा वेळी तो देश त्याचे काय देणे लागतो? गुन्हेगार शोधावा, खटला चालवावा, जखमीला दवाखान्यात न्यावे, एवढे बहुतेक राज्ये निदान कागदावर मान्य करतात. त्या माणसाला देशात राहू द्यावे का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि जास्त अवघडही. राहू देणे म्हणजे परक्याला आपल्यात घेणे. दुःख भोगले एवढ्यावरून कुणाला आपल्यात घ्यावे का, याविषयी धर्मपरंपरांत आणि राज्यशास्त्रात कधीच एकमत नव्हते.

अमेरिकेने २००० साली या प्रश्नाला कायद्याने होकार दिला, पण त्या होकाराला अटींची लांबलचक शेपटी आहे. पीडिताला राहू देण्यामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात. त्याची दया येते. त्याचा उपयोग होतो. किंवा त्याचे आपण देणे लागतो. अमेरिकी कायद्यात ही तिन्ही कारणे एकमेकांत कालवली गेली आहेत, आणि अंमलबजावणीत आज ज्या अडचणी दिसतात त्यांतल्या बहुतेक या कालवाकालवीतून निघाल्या आहेत. तिसरे कारण सर्वांत भक्कम असूनही कायद्यात तेच सर्वांत दबलेले आहे.

कायद्यामागची पार्श्वभूमी अशी. ऑगस्ट १९९५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या एल मॉंटी या गावी एका बंदिस्त इमारतसंकुलावर छापा पडला. काटेरी तारांच्या आड ७२ थाई कामगार कोंडलेले होते आणि त्यांच्याकडून कपडे शिवून घेतले जात होते. सुटका झाली, ती थेट स्थलांतर खात्याच्या कोठडीत. त्यांच्याकडे वैध कागदपत्रे नव्हती, त्यामुळे सरकारच्या लेखी ते आधी बेकायदा परदेशी होते आणि मग पीडित. स्वयंसेवी संस्थांनी जोर लावल्यावर त्यांना सोडण्यात आले. पण त्यांना देशात ठेवायचे कोणत्या नियमाखाली? पीडितांसाठी असा नियमच नव्हता. शेवटी गुन्हेगारी टोळ्यांची माहिती देणाऱ्या खबऱ्यांसाठी १९९४ साली केलेल्या ‘एस’ व्हिसाचा आधार घ्यावा लागला. पीडिताला खबऱ्याच्या रांगेत उभे करण्याची ही सुरुवात पुढच्या कायद्याच्या अंगात मुरली.

२८ ऑक्टोबर २००० रोजी मंजूर झालेल्या कायद्याने ‘टी’ आणि ‘यू’ असे दोन व्हिसा निर्माण केले. ‘टी’ व्हिसा मानवी तस्करीच्या गंभीर प्रकारांत सापडलेल्यांसाठी आहे: फसवून किंवा धाक दाखवून सक्तीने मजुरी करून घेतलेले, देहविक्रयात ढकललेले. त्याची वार्षिक मर्यादा ५,००० आहे. परत पाठवल्यास आपले असाधारण आणि गंभीर नुकसान होईल, हे अर्जदाराला दाखवून द्यावे लागते. तपासयंत्रणेच्या वाजवी मागण्यांना साथ द्यावी लागते, पण १८ वर्षांखालील मुलांना आणि मानसिक आघातामुळे साथ देणे अशक्य असलेल्यांना या अटीतून सूट आहे.

‘यू’ व्हिसाचा आवाका मोठा. कौटुंबिक हिंसाचार, बलात्कार, अपहरण, खंडणी, गंभीर मारहाण, खून, साक्षीदारावर दबाव अशा गुन्ह्यांची यादी कायद्यातच दिलेली आहे. पाठलाग करून छळणे आणि परदेशी मजुरांच्या भरतीतली फसवणूक हे दोन गुन्हे २०१३ मध्ये तीत घालण्यात आले. अर्जदाराला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. गुन्हा अमेरिकेत घडला किंवा अमेरिकी कायद्याचा भंग करणारा होता. त्यातून त्याला बऱ्यापैकी गंभीर शारीरिक वा मानसिक त्रास झाला. त्याला गुन्ह्याची माहिती आहे. आणि तपासाला किंवा खटल्याला त्याची मदत झाली, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे. या शेवटच्या गोष्टीसाठी पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश किंवा तशाच एखाद्या अधिकृत यंत्रणेचे सही केलेले प्रमाणपत्र जोडावे लागते आणि सहीनंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज जावा लागतो. आरोपीला शिक्षाच व्हायला हवी असे नाही. अटक झाली नसली तरी चालते. व्हिसा चार वर्षांचा असतो आणि तीन वर्षे सलग राहिल्यावर ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. वर्षाला १०,००० मुख्य अर्जदारांची मर्यादा आहे. कुटुंबीय तीत मोजले जात नाहीत. कायदा २००० चा असला तरी ‘यू’ व्हिसाचे नियम निघायला २००७ उजाडले, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे.

तिसरा मार्ग याहून जुना आहे. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने अमेरिकी नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ सोसणाऱ्या जोडीदाराला आणि मुलांना स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची मुभा दिली. नावात महिला असल्या तरी पुरुषांनाही तो लागू आहे. इथे पोलिसांचे प्रमाणपत्र लागत नाही, तक्रार नोंदवलेली असावी अशीही सक्ती नाही, आणि विश्वास ठेवण्याजोगा कोणताही पुरावा विचारात घ्यावा असे कायदाच सांगतो. अर्जाची कुणकुण छळ करणाऱ्याला लागू नये म्हणून १९९६ पासून गोपनीयतेची तरतूद आहे. केवळ छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवर विसंबून पीडिताविरुद्ध निर्णय घेण्यास सरकारला मनाई आहे.

पण या मार्गाला एक विचित्र कुंपण आहे. छळ करणारा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तरच तो खुला होतो. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर पुण्याहून किंवा नागपूरहून एच-४ या डिपेंडंट व्हिसावर गेलेल्या बाईला तो बंद आहे. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. घटस्फोट झाला की तिचा मुक्कामाचा आधार संपतो. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, बँकेचे खाते त्याच्या नावावर, आणि भांडणात ‘परत पाठवून देईन’ ही धमकी. तिला ‘यू’ व्हिसाकडे वळावे लागते, म्हणजे नवऱ्याविरुद्ध पोलिसांत जावे लागते. छळ सोसणाऱ्या अशा जोडीदारांना काम करण्याचा परवाना देण्याची तरतूद २००५ साली कायद्यात आली, पण त्या परवान्याचे अर्ज प्रत्यक्ष घेणे सुरू झाले २०१७ मध्ये. न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून आणि न्यू यॉर्कमधली ‘सखी’ १९८९ पासून अशा छळात सापडलेल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करीत आहेत. दोन बायकांवर सारखाच हात उगारला गेला, तरी मारणाऱ्याच्या खिशात कोणते कार्ड आहे यावर त्यांचा हक्क ठरावा, हे नीतीच्या कोणत्याही कसोटीवर समर्थनीय ठरत नाही. बायकोची कायदेशीर ओळख नवऱ्यात विरून जाते, असे मानणाऱ्या जुन्या विवाहकायद्याची ही उरलेली सावली आहे.

आता दयेकडे. शरण आलेल्याला टाकू नये, हा विचार भारतीय परंपरेत खोल रुजलेला आहे. महाभारतातली शिबी राजाची कथा (वनपर्वातल्या एका पाठात तो मान त्याचा पिता उशीनर याच्याकडे जातो) सर्वांना माहीत असते: ससाण्यापासून पळणारे कबूतर राजाच्या मांडीवर येते आणि राजा त्याच्या वजनाइतके स्वतःचे मांस कापून देतो. मराठीत लीळाचरित्रातली सशाची लीळा तितकीच बोलकी आहे. शिकारी कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी तो मागतात. स्वामी देत नाहीत. सशाची पात्रता ते तपासत नाहीत, त्याच्याकडून काही मागत नाहीत. त्याचे आश्रयाला येणे हेच पुरेसे कारण. बायबलच्या लेवीय ग्रंथातही परक्यावर आपल्यासारखेच प्रेम करण्याची आज्ञा आहे, आणि तिला दिलेले कारण इतिहासाचे आहे: इजिप्तमध्ये तुम्हीही परके होता.

या कथा निर्वासितांच्या प्रश्नाला बरोबर लागू पडतात. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्याचा छळ त्याच्या मायदेशात होतो आणि जो दुसऱ्याच्या दारात येतो, त्याला परत त्या छळाच्या तोंडी देता येत नाही. तिथे आश्रय देणारा निर्दोष असतो. ससाणा त्याचा नसतो. गुन्ह्याच्या पीडिताची स्थिती नेमकी उलटी आहे. त्याला इजा झाली ती आश्रयदात्याच्याच छताखाली, त्याच्याच पोलिसांच्या हद्दीत. त्यामुळे या ठिकाणी दया हे कारण अपुरे तर आहेच, शिवाय थोडे दिशाभूल करणारेही आहे. दया करणारा उपकारकर्ता ठरतो, आणि उपकार केव्हाही आखडता घेता येतो.

दयेची आणखी एक खोड आहे: ती दुःखाचे माप मागते. ‘बऱ्यापैकी गंभीर’ त्रास, ‘असाधारण’ नुकसान ही कायद्याची भाषा तशीच आहे. अर्जदाराला आपल्या यातनांचे निवेदन लिहावे लागते आणि ते जितके हृदयद्रावक तितका अर्ज बळकट. बौद्ध विचारात करुणा सर्व दुःखी जीवांसाठी सारखी असते. प्रतवारी लावली की तिचे करुणापणच संपते. राज्याला मात्र प्रतवारी लावल्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याच्याकडे जागा मोजक्या आहेत. मग जे पीडित धीराने उभे राहिले, ज्यांनी लगेच कामाला सुरुवात केली, ज्यांना आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही, त्यांचा अर्ज लंगडा पडतो.

दुसरे कारण उपयोगाचे, आणि ‘यू’ व्हिसाचा कणा तेच आहे. कायदा मंजूर करताना अमेरिकी काँग्रेसने हा हेतू उघड सांगितला होता. हद्दपारीच्या भीतीने स्थलांतरित पोलिसांकडे येत नाहीत, त्यामुळे गुन्हेगार मोकाट राहतात; त्यांना संरक्षण दिले तर पोलिसांचे काम सोपे होईल आणि त्याचा लाभ नागरिकांनाही मिळेल. युक्तिवाद व्यवहाराला धरून आहे, आणि तो नसता तर बहुधा कायदाच झाला नसता. पण इमान्युएल कान्टच्या नीतिविचारातला मूलभूत आक्षेप त्यावर येतो: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. इथे कुणी म्हणेल की पीडिताला ‘केवळ’ साधन मानलेले नाही, त्याचेही हित साधले जाते. ते खरे आहे. तरीही संरक्षणाचे दार साक्षीच्या किल्लीने उघडत असेल, तर ज्याच्याकडे किल्ली नाही तो बाहेर राहतो. अंधारात मागून वार झालेल्याने हल्लेखोराला पाहिलेले नसते. नवऱ्याविरुद्ध बोलले तर गावाकडच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात अडथळे येतील, या भीतीने गप्प बसणारी बाई पीडित असतेच. तिची इजा तिच्या मौनाने कमी होत नाही.

प्रमाणपत्राच्या पद्धतीत हा दोष ठसठशीत दिसतो. सही करायची की नाही हे स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर. संघराज्याच्या कायद्यात नकाराविरुद्ध अपील नाही. एका काउंटीत सहज मिळणारी सही शेजारच्या काउंटीत मिळत नाही, आणि गुन्हा रस्त्याच्या कोणत्या बाजूला घडला यावर माणसाचे भवितव्य ठरते. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून लागू केलेल्या कायद्यात पीडिताने मदत केली असेच गृहीत धरायला आणि ठरलेल्या मुदतीत अर्ज निकाली काढायला यंत्रणांना बांधील केले. पुढे आणखी काही राज्यांनी तसे कायदे केले. पण मुळात स्वतः गुन्हा थोपवू न शकलेल्या यंत्रणेनेच पीडिताच्या चांगुलपणाचा दाखला द्यावा, ही रचना उफराटी आहे. इटलीने १९९८ च्या स्थलांतर कायद्याच्या १८ व्या कलमात वेगळी वाट काढली: शोषणातून सुटलेल्या व्यक्तीला न्यायालयीन सहकार्याच्या मार्गाने परवाना मिळू शकतो, तसाच तक्रार न करताही सामाजिक साहाय्याच्या मार्गाने मिळू शकतो. म्हणजे उपयोगाची अट काढली म्हणून चौकट कोसळत नाही.

तिसरे कारण ऋणाचे. धर्मशास्त्रात राजाला मिळणारा उत्पन्नाचा सहावा भाग ही रक्षणाची मजुरी मानली आहे. कर घेऊन रक्षण न करणाऱ्या राजाला मनुस्मृती पापाचा वाटेकरी ठरवते. चोरीला गेलेला माल सापडला नाही तर राजाने तो आपल्या कोशातून भरून द्यावा, हा नियम मनू, याज्ञवल्क्य आणि कौटिल्य या तिघांकडेही आढळतो. पण हे देणे कुणाला? फक्त प्रजेला की वाटसरूलाही?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, चौथ्या अधिकरणात, याचे थेट उत्तर आहे. तांड्याने फिरणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपल्याजवळचा माल सांगून गावात मुक्काम करावा. रात्री त्यातले काही चोरीला गेले किंवा नाहीसे झाले आणि ते गावाबाहेर गेले नसेल, तर गावच्या मुख्याने भरून द्यावे. दोन गावांच्या मधल्या भागात चोरी झाली तर कुरणांच्या अधिकाऱ्याने, आणि कुरणेही नसतील तिथे चोर पकडण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने. व्यापारी कुठला, कोणत्या राज्याची प्रजा, हे विचारलेले नाही. देणे त्या जागेला चिकटलेले आहे. ज्याच्या ताब्यात ती जागा, त्याच्यावर भार. कौटिल्य दयाळूपणासाठी प्रसिद्ध नाही, म्हणूनच हा नियम लक्षवेधी आहे. व्यापारी मार्ग सुरक्षित राहिले नाहीत तर राज्याचा महसूल बुडतो एवढा हिशेब त्यामागे असणारच. पण हिशेबातून निघाला तरी नियमाचा आकार ऋणाचा आहे, उपकाराचा नाही. व्यापाऱ्याने चोर ओळखून दाखवावा अशीही अट त्यात नाही.

बायबलच्या अनुवाद या ग्रंथाच्या २१ व्या अध्यायातला विधी याच जातीचा आहे. उघड्या रानात खून झालेले प्रेत सापडले आणि मारेकरी कळला नाही, तर सर्वांत जवळचे गाव कोणते हे अंतर मोजून ठरवायचे. त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी कालवडीचा बळी देऊन, हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही, असे जाहीर करायचे. वडीलधाऱ्यांवर खुनाचा संशय कुणी घेतला होता? मिश्ना या यहुदी ग्रंथात हाच प्रश्न विचारला आहे, आणि उत्तर असे की तो माणूस आमच्याकडे आला असता आम्ही त्याला अन्नाविना आणि सोबतीविना वाटेला लावले नाही, असे ते सांगत असतात. मेलेला बहुधा परगावचा आहे, हे त्यात गृहीतच आहे.

ऋणाच्या कल्पनेवर एक रास्त आक्षेप आहे. चोरी झाली तर पैसे भरून द्यावेत, जखम झाली तर उपचाराचा खर्च द्यावा. त्याची भरपाई म्हणून देशात राहण्याचा हक्क कसा निघतो? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जवळपास हाच विचार केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये हावडा स्थानकाच्या यात्रीनिवासात एका बांगलादेशी महिलेवर रेल्वे कर्मचाऱ्यांसह काही जणांनी सामूहिक बलात्कार केला. कोलकात्यातल्या वकील चंद्रिमा दास यांनी याचिका केली. पीडिता परदेशी असल्याने घटनात्मक हक्क मागू शकत नाही, असे रेल्वेचे म्हणणे होते. जानेवारी २००० मध्ये न्यायालयाने ते फेटाळले: जगण्याचा हक्क देणारे २१ वे कलम ‘व्यक्ती’साठी आहे, केवळ नागरिकासाठी नाही. १० लाख रुपयांची भरपाई कायम झाली. वॉशिंग्टनमध्ये ‘यू’ व्हिसाचा कायदा झाला त्याच वर्षी दिल्लीत हा निकाल लागला. एकीकडे साक्षीच्या अटीवर मुक्काम, दुसरीकडे अशा अटीविना भरपाई, पण मुक्काम नाही. भारतात परदेशी पीडितासाठी मुक्कामाचा स्वतंत्र हक्क आजही नाही. तस्करीत सापडलेल्या परदेशी स्त्रिया आणि मुलांवर परदेशी नागरिक कायद्याखाली खटले भरू नयेत, अशी सूचना केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना दिली. तिचा रोख त्यांना सुखरूप मायदेशी पाठवण्यावर आहे.

आक्षेपाचे उत्तर गुन्ह्याच्या स्वरूपात आहे. बहुतेक वेळा अशा पीडिताचा कच्चा कायदेशीर दर्जा हेच गुन्ह्याचे हत्यार असते. अमेरिकेतल्या कतरिना वादळानंतर मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीच्या गोद्यांत सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर एच-२बी या तात्पुरत्या व्हिसावर नेण्यात आले. ग्रीन कार्डाच्या आश्वासनावर दलालांनी प्रत्येकाकडून हजारो डॉलर उकळले होते. जमिनी विकून, कर्ज काढून ती रक्कम उभी केलेली. तिथे एकेका खोलीत २४ जणांपर्यंत कोंबले जाई आणि त्यासाठी महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापले जात. कामगारांना जखडून ठेवायला साखळी लागली नाही. व्हिसा एकाच मालकाला बांधलेला होता. काम सोडले की मुक्काम बेकायदा. मार्च २००८ मध्ये अनेकजण उघडपणे बाहेर पडले आणि पुढे वॉशिंग्टनपर्यंत गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला, आणि उरलेले दावे त्याच वर्षी २ कोटी डॉलरवर मिटले. अनेकांना ‘टी’ व्हिसा मिळाला. या प्रकरणात राज्याचा दोष केवळ दुर्लक्षाचा नव्हता. मालकाच्या हातातला चाबूक राज्यानेच बनवलेला होता. एच-४ वरच्या बाईच्या बाबतीतही तसेच. म्हणून पैशाने हे देणे फिटत नाही. हत्यार काढून घ्यायचे तर मुक्काम गुन्हेगाराच्या हातून सोडवावाच लागतो. जोसेफ कॅरेन्स या तत्त्वज्ञाने स्थलांतर खाते आणि पोलीस, शाळा, दवाखाने यांच्यामध्ये भक्कम भिंत असावी असे सुचवले आहे, त्यामागेही हेच निदान आहे.

याला आणखी एक बाजू आहे. राजकीय विचारवंत हॅना आरेन्ट हिने १९५१ च्या आपल्या ग्रंथात राज्यविहीन माणसांविषयी एक धारदार निरीक्षण नोंदवले. एखाद्याला कायद्याबाहेर ढकलले गेले आहे का, हे ओळखायची खूण म्हणजे लहानसा गुन्हा केल्याने त्याची कायदेशीर स्थिती सुधारते का हे पाहणे. चोरी केली की निदान आरोपी म्हणून तरी कायदा त्याची दखल घेतो. ‘यू’ व्हिसाने हा विरोधाभास आणखी एका अंगाने पूर्ण केला. कागदपत्रांशिवाय वर्षानुवर्षे राबणारा, कर क्रमांक काढून करही भरणारा माणूस सुखरूप असताना कायद्याला दिसत नाही. कुणी त्याच्यावर पिस्तूल रोखले की दिसू लागतो. सुखापेक्षा इजा अधिक मोलाची ठरते.

ज्या गोष्टीला मोल येते तिची खोटी नाणी निघतात. गेल्या काही वर्षांत मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय अशा राज्यांत दुकानांवर खोटे दरोडे घडवून आणल्याचे खटले उभे राहिले. गल्ल्यावरच्या माणसावर ठरवून बंदूक रोखायची, ‘दरोडेखोर’ निघून जायचा, मग पोलिसांना फोन, आणि मग ‘यू’ व्हिसाचा अर्ज. आरोपींत आणि बनावट पीडितांत भारतीयांची नावे ठळक होती. जुलै २०२५ मध्ये लुइझियानात तर काही पोलीसप्रमुखांवरच, न घडलेल्या दरोड्यांचे अहवाल पैसे घेऊन लिहिल्याचे आरोप ठेवण्यात आले. या प्रकरणांवरून ‘यू’ व्हिसाच बंद करावा असे म्हणणारे आहेत. त्यांचा निष्कर्ष घाईचा आहे, पण या फसवणुकीकडे काणाडोळा करणेही बरोबर नाही, कारण तिचा सर्वाधिक फटका खऱ्या पीडिताला बसतो. रात्री गॅस स्टेशनवर एकटा काम करणारा गुजराती किंवा मराठी तरुण खरोखर लुटला गेला, तर आता त्याच्याकडेही आधी संशयाने पाहिले जाईल. लुइझियानातले आरोप खरे ठरले तर त्यातून आणखी एक गोष्ट निघते: सारा भार एका सहीवर टाकला की बाजार त्या सहीचा भरतो.

न्याय्य रांगेचा आक्षेप याहून गंभीर आहे. एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, या नियमामुळे नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागणारे भारतीय दशकानुदशके खोळंबले आहेत. त्यांत हजारो मराठी कुटुंबे आहेत. मुले २१ वर्षांची होऊन आईबापांच्या अर्जातून बाहेर पडण्याची टांगती तलवार त्यांच्यावर असते. सगळे नियम पाळणाऱ्या त्या माणसाने विचारावे की कागदपत्रांशिवाय राहणारा गुन्ह्याचा बळी ठरला म्हणून माझ्यापुढे कसा गेला? काटेकोरपणे पाहता तो पुढे जात नाही. ‘यू’ व्हिसाधारकांचे ग्रीन कार्ड नोकरीच्या कोट्यातून वजा होत नाही. दोन्ही रांगा वेगळ्या आहेत. पण तांत्रिक उत्तराने तक्रारीतली कळकळ शमत नाही. शिबीच्या कथेतल्या ससाण्याची बाजूही अशीच आहे, आणि कथा ऐकताना तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. तो राजाला सुनावतो की कबुतराला वाचवताना तू मला आणि माझ्या पिलांना उपाशी मारतो आहेस. एका धर्माला बाधा आणणारा धर्म हा धर्म नव्हे. राजा त्याला खोटे ठरवत नाही. तो दुसरे कबूतर आणून देत नाही, स्वतःचे मांस देतो. रक्षणाचे मोल रक्षणकर्त्याने स्वतः चुकवायचे, तिसऱ्याच्या ताटातून नाही. रांगेतल्या अभियंत्याची तक्रार खरी आहे, पण तिचा रोख पीडिताकडे नसून दोघांच्याही वाट्याला इतक्या थोड्या जागा ठेवणाऱ्या राज्याकडे असायला हवा.

दहा हजारांच्या मर्यादेकडे याच नजरेने पाहावे लागते. दयेला मर्यादा घालता येते, मोबदल्यालाही येते. ऋणाला मात्र वार्षिक मर्यादा घालणे म्हणजे यंदा इतक्याच धनकोंचे पैसे देऊ, असे सांगणे. ‘यू’ व्हिसाची मर्यादा २०१० या आर्थिक वर्षात पहिल्यांदा गाठली गेली आणि पुढे वर्षानुवर्षे भरत राहिली. प्रलंबित मुख्य अर्जांची संख्या दोन लाखांच्या वर गेली आहे. साध्या भागाकाराने नव्या अर्जदाराची पाळी वीसएक वर्षांनी येते. तोवर खटला कधीच संपलेला असतो, साक्ष देऊन झालेली असते. राज्याला हवे होते ते त्याने आधीच घेतलेले असते आणि देणे मागे राहते. जून २०२१ पासून प्राथमिक छाननीत अर्ज प्रामाणिक वाटल्यास चार वर्षांचा काम परवाना आणि हद्दपारीला तात्पुरती स्थगिती देण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे अनेकांचा संसार सावरला. पण स्थगिती हा हक्क नाही, प्रशासनाचा स्वेच्छाधिकार आहे. पीडितांवर हद्दपारीची कारवाई शक्यतो टाळावी, असे २०२१ चे मार्गदर्शन स्थलांतर अंमलबजावणी खात्याने २०२५ च्या सुरुवातीला मागे घेतले. त्यानंतर अर्ज प्रलंबित असणे हे एकटे ताब्यात न घेण्याचे कारण उरलेले नाही, आणि वकील आपल्या अशिलांना पोलिसांकडे जाण्याआधी हा धोका समजावून सांगतात.